घोडबंदर रस्त्यावरच्या घरासाठी ध्वनिरोधक खिडकी: वापरानंतरचे मत

मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या इमारतींत राहणाऱ्यांना रात्रीची वाहतूक दिवसापेक्षा जास्त छळते, कारण न्हावा-शेवा बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर रात्री मोठ्या संख्येने याच वाटेने धावतात. आमची शयनगृहाची खिडकी थेट रस्त्यावर उघडते. बांधकाम व्यावसायिकाने बसवलेली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी काढून तिथे ठाण्यातल्याच एका कारखान्याकडून यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकच्या चौकटीची ध्वनिरोधक खिडकी बसवून घेतली. पावसाळा आणि गणेशोत्सव दोन्ही तिने पाहिल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे.

प्रथम काचेविषयी. विक्रेते साधारणपणे दुहेरी काचेचा आग्रह धरतात, परंतु सारख्या जाडीच्या दोन काचा आणि त्यांमध्ये जेमतेम बारा मिलिमीटरची पोकळी ही रचना मुख्यतः उष्णता अडवण्यासाठी असते. ट्रकची खालच्या पट्टीतली घरघर ती फारशी अडवत नाही, उलट काही कंपनसंख्यांना दोन्ही काचा एकत्र थरथरतात आणि आवाज आत येऊ देतात. आवाजासाठी लॅमिनेटेड काच अधिक उपयोगी, कारण तिच्या दोन थरांमधला पारदर्शक पडदा कंपन शोषून घेतो. आम्ही तीच निवडली.

मात्र काचेपेक्षाही निर्णायक ठरते ती फट. सरकत्या खिडकीत पल्ले एकमेकांवरून जाण्यासाठी मोकळीक ठेवावीच लागते आणि तिथे लावलेल्या केसाळ पट्ट्या धूळ अडवतात, आवाज नव्हे. बाहेर उघडणारा पल्ला हँडल फिरवल्यावर रबरी गॅस्केटवर चारही बाजूंनी दाबून बसतो, म्हणून खर्च वाढला तरी उघडणारीच खिडकी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बसवणाऱ्या कारागिरांनी चौकट आणि भिंत यांमधली एक बाजू पोकळ ठेवून वरून केवळ सिलिकॉन फिरवले होते, आणि तेवढ्या एका जागेतून हॉर्न पूर्वीसारखाच ऐकू येत होता. तक्रार केल्यावर त्यांनी ती बाजू पुन्हा उघडून नीट भरून दिली, हे नोंदवले पाहिजे. परंतु काम संपताना दिवा बंद करून चौकटीभोवती उजेड कुठून येतो हे स्वतः पाहून घ्यावे आणि मगच उरलेले पैसे द्यावेत.

परिणाम कसा आहे? हॉर्न, रिक्षांचा फटफटाट, रस्त्यावरची बोलणी जवळजवळ नाहीशी झाली आहेत. मोबाइलमधील मापकाचे आकडे प्रमाण मानता येत नसले, तरी खिडकी उघडी आणि बंद असतानाचा फरक त्यावर सहज कळतो. आणि डेसिबलचे मोजमाप असे आहे की दहाने घट झाली तर कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. अवजड वाहनाची घरघर मात्र उरली आहे, कारण कमी कंपनसंख्येचा आवाज अडवायला मोठे वजन लागते आणि त्यातला काही भाग भिंतीतूनच येतो. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेचा ठोका छातीत जाणवतो तोही याच कारणाने. ‘संपूर्ण शांतता’ असे जाहिरातीत वाचून कोणी पैसे भरत असेल, तर त्याने हा भाग आधी लक्षात घ्यावा. वरच्या मजल्यावरची खुर्ची ओढल्याचा आवाज तर स्लॅबमधून उतरतो. त्याच्याशी खिडकीचा संबंध नाही.

खिडकी बंद ठेवल्याचे परिणामही आहेत. खोली लवकर कोंदट होते, म्हणून मागच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून आतल्या दारातून हवा फिरू द्यावी लागते. न्हाणीघराच्या झडपांतून आणि एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातून येणारा आवाज आता अधिक ठळक जाणवतो, त्यामुळे त्या जागाही त्याच वेळी बुजवून घेणे शहाणपणाचे. जाड पडद्यांवर मात्र पैसे खर्च करू नयेत. ते खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज थोपवत नाहीत. पावसाचे पाणी मात्र एकदाही आत आले नाही, आणि जुन्या खिडकीच्या तुलनेत हा मोठाच दिलासा आहे.

खर्च साध्या सरकत्या खिडकीच्या दुपटीहून अधिक आला. तो योग्य वाटला, कारण माझी आई आता सलग झोपते. तरीही एक गोष्ट खुपते. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्येच लागू झाले, त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचा सविस्तर निकाल दिला. ती मर्यादा पाळली गेली असती, तर इतक्या घरांना स्वतःच्या खिशातून काच जाड करून घ्यावी लागली नसती. खिडकी बसवल्यानंतरही मिरवणुकीच्या रात्री ११२ क्रमांकावर तक्रार करणे मी थांबवलेले नाही. रस्त्याकडे एकच खोली असेल, तर तेवढीच खिडकी बदलावी. आतल्या बाजूच्या खोल्यांसाठी हा खर्च करण्याची गरज आम्हाला भासली नाही.