दादरचं मुलांचं समुपदेशन केंद्र: सहा भेटींनंतर

चार तारे. पाचवा रिसेप्शनवर कापला, ते पुढे सांगतो.

मुलगी ११ वर्षांची, सहावीत, शाळा दुपारची. दिवाळीपासून रात्री एक वाजला तरी टक्क जागी. डबा अर्धा परत यायचा, रविवारी संध्याकाळ झाली की पोट दुखायचं, गॅलरीत पोरांनी कॅरम मांडला तरी उठून बघायची नाही. माझी आई म्हणाली दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. कोपऱ्यावरचा केमिस्ट म्हणाला, सर्दीचं सिरप द्या, गुंगी येते. दोन रात्री दिलंही, लपवत नाही. शेवटी बायकोने १४४१६ लावला. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास. मराठीत नीट बोलले आणि समोरासमोर कुणाला तरी दाखवा म्हणाले. म्हणून इथे आलो.

पहिली भेट दीड तास. मॅडमनी सिरप बंद करायला लावलं आणि आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या म्हणाल्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड. शरीरात लोह कमी असलं तर रात्री पाय वळवळतात, झोप लागत नाही, हे मला नवीनच. फेरिटिन कमी निघालं, फॅमिली डॉक्टरांनी औषध सुरू केलं. मग आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलल्या. स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. विचारल्याने नसलेलं डोक्यात शिरत नाही, असलं तर बोलायला वाट होते, म्हणाल्या. तसं काही नव्हतं.

दुसऱ्या भेटीत तिला घराचं चित्र काढायला लावलं. रात्री कोण कुठे झोपतं ते. काळाचौकीची आमची दहा बाय बाराची खोली. आजी कॉटवर, खाली आई आणि ती, कोपऱ्यात टीव्ही. मी कुठेच नाही. दार मात्र अर्ध्या कागदाएवढं, आणि त्याची कडी पेन्सिलीने गिरवून गिरवून काळी केलेली.

मी बेस्टमध्ये कंडक्टर. दुसरी पाळी असली की घरी यायला साडेबारा. मागच्या पावसाळ्यात बाईक घसरून हात प्लास्टरमध्ये होता. त्या धास्तीने पोरगी कडी वाजल्याशिवाय डोळा मिटत नव्हती, आणि आम्ही मोबाइलला शिव्या घालत होतो. कडी वाजली की मी जेवायला बसणार, ट्यूबलाइट चालू. साडेपाचला पाणी, पिंपं, बादल्या. राहिलेली झोप ती सकाळी दहापर्यंत तुकड्यातुकड्यांनी काढायची.

या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि वयात येताना झोपेची वेळ आपसूक पुढे सरकते, त्यामुळे आधी उठायची वेळ बांधा, मॅडम म्हणाल्या. रोज साडेसात, रविवारीसुद्धा, उठल्याउठल्या गॅलरीत उन्हात. रात्री नऊनंतर टीव्ही नाही (माझ्या आईने आठ दिवस अबोला धरला), मी आलो की ओट्यावरचा झिरोचा बल्ब. पिंपात आता पाइप सोडतो. आणि साडेनऊला, दोन फेऱ्यांच्या मध्ये, माझा फोन तिला. काय जेवलीस, एवढंच.

पहिले दहा दिवस काडीचा फरक नाही. आता बहुतेक रात्री साडेदहापर्यंत झोपते. पोट अजून अधूनमधून दुखतं. परवा कॅरमच्या राणीवरून शेजारच्या पोराशी कडाडून भांडली. बायको आतून म्हणाली, "ऐका, भांडतेय!"

भेटीचे १,२०० रुपये, पाऊण तास. जमत नाही म्हटल्यावर ८०० केले, लाजू नका, विचारा. तेही जड जात असेल तर केईएम, सायनला मानसोपचाराची ओपीडी आहे. रांगेत दिवस जातो, पण खर्च अगदी कमी.

आता रिसेप्शन. पहिल्या दिवशी भरल्या बाकांसमोर मोठ्याने, "काय, डिप्रेशनची केस का?" पोरीने माझा शर्ट मुठीत धरला तो आत जाईपर्यंत सोडला नाही. मॅडमना सांगितलं, पुढच्या खेपेपासून फॉर्म हातात द्यायला लागले. लिफ्ट नाही, दोन जिने लाकडी. शनिवारची वेळ हवी असेल तर मंगळवारीच फोन करा.