भोसरीची पर्मनंट नोकरी की चाकणची ईव्ही लाईन? आयटीआयवाल्यांनी काय बघून ठरवावं

सध्या भोसरी, चाकण, तळेगाव कुठेही जा, चहाच्या टपरीवर हाच विषय, की इंजिनच्या पार्टचं काम सोडून ईव्हीत, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या कामात जायचं का. मी व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे पार्ट पुरवणारी शॉप शोधून तयार करायच्या कामात आहे, दोन्हीकडची शॉप आतून बघतो, म्हणून आधीच सांगतो, गेटवर ईव्ही लिहिलंय एवढ्यावर उडी मारू नका.

इंजिन उद्या बंद होत नाहीये. 2024-25 मध्ये देशात विकलेल्या शंभर टूव्हीलरमागे इलेक्ट्रिक साधारण सहा, कारमध्ये अडीचच्या आसपास, तीनचाकीत मात्र ई-रिक्षा धरून निम्म्याच्या वर. म्हणजे बाइकचा पिस्टन, व्हॉल्व्ह करणाऱ्या शॉपला अजून बरीच वर्षं काम आहे, त्यात सीएनजी आणि हायब्रिडलाही इंजिन लागतंच. पण मालक नवीन मशीन घेतोय का ते बघा. जुनीच मशीन ओढत बसला असेल आणि एकाच कस्टमरवर अवलंबून असेल तर तिथे पर्मनंट असून फार उपयोग नाही.

आता कामाचं बघू, कारण खरा फरक इथेच आहे. भोसरीतला चांगला सीएनसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन कामाला लावून देणारा, बोअर गेजवर (भोकाचा व्यास मोजायचं साधन) काटा पाच-सात मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाच-सात हजारावे भाग सरकलेला दिसला की इन्सर्ट (कापणारी टिकली) झिजलाय हे ओळखून ऑफसेट देतो, म्हणजे मशीनमध्ये तेवढा फरक भरतो, ते त्याचं स्वतःचं कसब असतं आणि ते घेऊन तो कुठेही जाऊ शकतो. बॅटरी पॅकच्या असेंब्लीत मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा, हातात टॉर्क गन, आणि बोल्ट किती आवळायचा ते गनच ठरवते, नोंदही तीच ठेवते, कमी आवळला तर लाईन पुढे सरकत नाही. काम स्वच्छ, तेलाचा वास नाही, एसी असतो, हे सगळं खरं, पण दोन वर्षांनी तुम्ही तिथून काय शिकून बाहेर पडणार? माझ्या मते सेटरने असेंब्लीत जाणं म्हणजे पगार सारखा असला तरी एक पायरी खाली उतरणं.

मालाचा धोकाही वेगळा आहे. इंजिनच्या पार्टचं स्टील, फोर्जिंग, कास्टिंग बहुतेक देशातलंच, शेड्यूल, म्हणजे कस्टमरची मागणी घटली तरी हळूहळू घटते. ईव्हीत बॅटरीचे सेल आणि मोटरचे मॅग्नेट मुख्यतः चीनमधून, एप्रिल 2025 मध्ये तिकडून रेअर अर्थ मॅग्नेटच्या निर्यातीवर निर्बंध आले आणि काही महिन्यांत आपल्या पुण्याच्या बजाजच्या चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरच्या उत्पादनालाही फटका बसला. असं झालं की पहिला फोन कंत्राटी पोरांना जातो, उद्यापासून येऊ नका म्हणून. मला याचा खरंच त्रास होतो, चूक कुणाचीच नसते आणि खोलीचं भाडं मात्र त्या पोरालाच भरायचं असतं.

त्यामुळे चाकणची ऑफर ठेकेदारामार्फत असेल आणि तुम्ही भोसरीत पर्मनंट असाल, घराचा हप्ता चालू असेल, तर थांबा. पर्मनंट कामगाराला नोकरकपातीत काढलं तरी पूर्ण केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराएवढी भरपाई कायद्याने मिळते, आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत नवीन काम शिकण्यासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार द्यायचीही तरतूद आहे. ठेक्यावर हे पदरात पाडून घेणं फार अवघड जातं.

इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्सवाल्या पोरांचं उलट आहे, तुम्ही नक्की जा, फक्त असेंब्ली न धरता टेस्टिंग किंवा मेंटेनन्स मागा. कारच्या बॅटरी पॅकला तीनशे-चारशे व्होल्टच्या घरात किंवा त्याहून जास्त व्होल्टेज असतं, ते सुरक्षितपणे हाताळणारा माणूस लगेच मिळत नाही.

मशीनिस्ट, टर्नरसाठी तिसराही रस्ता आहे आणि मला तोच सगळ्यात बरा वाटतो. ब्रेक, सस्पेन्शन, मोटरचा शाफ्ट, रिडक्शन गिअर (मोटरचा वेग कमी करून चाकाला देणारा), ॲल्युमिनियमचं हाउसिंग, हे करणारी शॉप शोधा. यातले काही पार्ट दोन्ही गाड्यांत जातात, उरलेले ईव्हीचेच असले तरी काम शेवटी मशीनिंगचंच, तुमचा मायक्रॉनचा अंदाज तिथे पहिल्या दिवसापासून कामाला येतो. इंटरव्ह्यूला गेलात की तीन गोष्टी विचाराच, पार्ट कुठल्या मॉडेलला जातो, कस्टमर किती आहेत, आणि पीएफ कंपनी भरते की ठेकेदार. तिसऱ्याचं उत्तर टाळलं तर तिथे सही करू नका.