न्यूपोर्ट बीच की नेपल्स? किनाऱ्यावरचे घर घेण्यापूर्वी

किनाऱ्यालगतच्या घरासाठी साधारण ४० लाख डॉलर बाजूला ठेवलेल्या कुटुंबापुढे कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच आणि फ्लोरिडातील नेपल्स ही दोन नावे येणे स्वाभाविक आहे. दोन्ही गावे श्रीमंतांची, आणि दोन्हीकडे समुद्रापासूनचे अंतर वाढेल तशी किंमत उतरते. परंतु न्यूपोर्टमध्ये भाव टिकून राहतात ते मुख्यतः विकायला घरेच फारशी निघत नाहीत म्हणून. नेपल्समध्ये ते वरखाली होतात ते वादळे, विमा आणि विक्रीला आलेल्या घरांची संख्या यांच्यामुळे. हा फरक नजरेआड करून दोन्हीकडच्या भावांचे आलेख शेजारी ठेवले, तर त्यांतून काहीच कळत नाही.

मुळात अशा बाजारातील मध्यक किंमत, म्हणजे विकलेल्या घरांच्या किमती चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत, फार जपून वाचावी लागते. समजा, एखाद्या वस्तीत एका महिन्यात २०, २५, ४०, ६० आणि १५० लाख डॉलरची पाच घरे विकली गेली. मध्यक ४० लाख झाला. पुढच्या महिन्यात तशीच घरे त्याच भावाने गेली, पण स्वस्तातल्या दोन घरांना गिऱ्हाईक मिळाले नाही, तर मध्यक ६० लाखांवर जातो आणि ‘भाव ५० टक्क्यांनी वाढले’ अशी बातमी होते. प्रत्यक्षात एकाही घराची किंमत वाढलेली नसते, उलट मागणी घटलेली असते. म्हणून किमान बारा महिन्यांची विक्री एकत्र पाहावी, आणि शक्य तेथे तेच घर पूर्वी कितीला व आता कितीला गेले याची तुलना करावी. नेपल्समध्ये आणखी एक पथ्य पाळावे लागते. उत्तरेकडील थंडी टाळण्यासाठी येणाऱ्यांमुळे तेथील हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असा असतो, त्यामुळे मार्चची तुलना सप्टेंबरशी नव्हे, तर आदल्या वर्षीच्या मार्चशीच करायला हवी.

न्यूपोर्टमध्ये घरे का निघत नाहीत, याचे उत्तर बरेचसे कायद्यात आहे. १९७६ च्या किनारा कायद्यामुळे किनारपट्टीतील नवे बांधकाम परवान्यांत अडकते. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने मालमत्ता कराचा मूळ दर करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला आणि त्या मूल्याची वाढ वर्षाला २ टक्क्यांपर्यंत रोखली, घर विकले गेले की मात्र मूल्य नव्याने ठरते. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेला माणूस ते सोडायला सहसा तयार नसतो. त्यात २०२०-२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास तीस वर्षांचे कर्ज मिळवलेल्यांची भर पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हाच दर पावणेआठ टक्क्यांपर्यंत गेला होता, तेव्हा जुने कर्ज कोण मोडणार?

खरेदीदाराने येथे एक चूक हमखास टाळावी. जाहिरातीत दाखवलेला वार्षिक कर ९,००० डॉलर असेल, तर तो विक्रेत्याचा कर आहे. ४० लाखांना तेच घर घेणाऱ्याचा कर ४०,००० डॉलरपासून सुरू होतो, आणि मतदारांनी मंजूर केलेली रोखेकर्जे फेडण्यासाठीचा कर व नव्या वसाहतींतील विशेष कर त्यावर वेगळे. तरीही पुढची वाढ बांधलेली असल्याने दीर्घ मुदतीचा हिशेब आधीच मांडता येतो, आणि ही मर्यादा दुसऱ्या घरालाही लागू असते. फ्लोरिडात कायम राहत्या घराच्या करपात्र मूल्याची वाढ वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के असते, पण सुटीपुरत्या घराला तीच मर्यादा १० टक्के आहे आणि शाळांच्या कराला तीही नाही. म्हणजे वर्षातून चार महिने राहायला येणाऱ्याच्या दृष्टीने, लोकांच्या समजुतीच्या उलट, मालमत्ता करात कॅलिफोर्निया अधिक भरवशाचा आहे. कॅलिफोर्नियात मुलांसाठी जुन्या करासकट घर ठेवण्याचा बेत मात्र फेब्रुवारी २०२१ पासून पूर्वीसारखा साधत नाही. मुलांनी स्वतः तेथे राहिले पाहिजे, आणि सवलतीलाही मर्यादा आहे.

नेपल्सचे मोठे आकर्षण म्हणजे राज्याचा प्राप्तिकर नाही, तर कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्के आहे. ज्याचे उत्पन्न अजून मोठे आहे आणि जो खरोखर तेथे राहायला जाणार आहे, त्याच्यासाठी हा एकच मुद्दा इतर अनेक मुद्द्यांवर मात करू शकतो. नेपल्समध्ये रोखीने खरेदी करणारे पुष्कळ असल्याने व्याजदराचा परिणामही तुलनेने कमी जाणवतो. करोनाच्या काळात तेथे भाव झपाट्याने चढले. पुढे विक्रीच्या घरांचा साठा वाढला आणि घासाघीस करायला पुन्हा वाव मिळाला.

तरी माझ्या मते नेपल्सचा खरा प्रश्न भावाचा नसून पाण्याचा आहे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ चक्रीवादळाच्या वेळी समुद्राचे पाणी गावात शिरले आणि प्रसिद्ध धक्काही मोडला. नेहमीच्या गृहविम्यात पुराची भरपाई नसते. केंद्र सरकारच्या पूरविम्यात इमारतीसाठी कमाल २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात, म्हणून त्यावरच्या रकमेसाठी खासगी विमा शोधावा लागतो. त्याहून अडचणीचा आहे तो ५० टक्क्यांचा नियम. पूरक्षेत्रातील जुन्या घराच्या दुरुस्तीचा किंवा नूतनीकरणाचा खर्च, जमीन वगळून केवळ इमारतीच्या बाजारमूल्याच्या निम्म्यावर गेला, तर संपूर्ण घर आजच्या पूरनियमांप्रमाणे उंच करावे लागते. ४० लाखांच्या व्यवहारात ३६ लाख जमिनीचे आणि ४ लाख जुन्या बैठ्या घराचे असतील, तर दोन लाखांचे नवे स्वयंपाकघर आणि न्हाणीघरेच ती रेषा गाठतात. असे घर घेणाऱ्याने ते पाडून बांधण्याच्या हिशेबानेच घ्यावे.

न्यूपोर्टही यातून पूर्ण सुटलेले नाही. बाल्बोआ बेट आणि बाल्बोआचा चिंचोळा भूभाग सखल आहेत, मोठ्या भरतीला तेथील रस्त्यांवर पाणी येते. टेकड्यांकडच्या घरांना वणव्याचे भय आहे आणि भूकंपाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील सर्वांत मोठ्या गृहविमा कंपनीने नवे अर्ज घेणे थांबवले, तेव्हापासून तेथेही विमा गृहीत धरण्याचे दिवस संपले.

घराऐवजी कॉन्डोचा, म्हणजे इमारतीतील मालकीच्या सदनिकेचा, विचार असेल, तर फ्लोरिडात कागदपत्रे दुप्पट काळजीने पाहावीत. जून २०२१ मध्ये सर्फसाइड येथील इमारत कोसळून ९८ जण मरण पावल्यानंतर तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी सक्तीची झाली आणि मुख्य दुरुस्त्यांसाठीचा राखीव निधी टाळण्याची सभासदांची मुभा गेली. त्यामुळे जुन्या इमारतीतील स्वस्त दिसणाऱ्या कॉन्डोमागे पुष्कळदा दुरुस्तीसाठी सभासदांकडून येऊ घातलेल्या विशेष वर्गणीची रक्कम दडलेली असते. गेल्या दोन-तीन वर्षांची सभावृत्ते मागून वाचली की ती सापडते.

विकण्याचा खर्चही वेगळा आहे. हस्तांतराचा कर बहुधा विक्रेता भरतो. नेपल्समध्ये तो १०० डॉलरमागे ७० सेंट, म्हणजे ४० लाखांवर २८,००० डॉलर, तर न्यूपोर्टमध्ये १,००० डॉलरमागे १.१० डॉलर, म्हणजे ४,४०० डॉलर होतो. पाच वर्षांत पुन्हा हलण्याची शक्यता असलेल्याने ही तफावत लक्षात ठेवावी.

सुटीसाठी घर घेऊन ते पंधरा-वीस वर्षे ठेवणाऱ्याला मी न्यूपोर्ट सुचवीन, घासाघीशीला वाव कमी मिळाला तरी. मुक्काम कायमचा हलवून प्राप्तिकर वाचवणाऱ्याला नेपल्स, पण किनाऱ्यापासून थोडे आत, उंच जोत्याचे आणि अलीकडच्या बांधकाम नियमांनुसार बांधलेले घर. फ्लोरिडात ऑक्टोबर २०२४ पासून विक्रेत्याला पुराविषयीची माहिती लेखी द्यावी लागते. ती करारापूर्वीच मागून घ्यावी. दोन्ही राज्यांतील प्रचलित करारांत तपासणीसाठी साधारण दोन आठवड्यांची मुदत असते. त्या मुदतीत भिंती आणि छप्पर तपासायला माणूस बोलवालच, पण विम्याच्या हप्त्याचा लेखी आकडाही मुदत संपण्यापूर्वी हाती असू द्या. तो आला नाही, तर मुदत वाढवून मागा किंवा अनामत परत घ्या.