लांदिबेची शाल: ऊब झकास, पण गळ्याला टोचते

सुळसुळीत, चकाकणारं रेशीम हवं असेल तर ही शाल घेऊ नका. लांदिबे म्हणजे मादागास्करचा रानटी रेशीमपतंग, बोरोसेरा काजानी; जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिथल्या मधल्या पठारावर तापियाची झाडं आहेत, त्यांच्या पाल्यावर याच्या अळ्या वाढतात.

अंत्सिराबेहून आंबुसित्राकडे जाताना सांद्रांदाही गावात ही शाल घेतली. दुकान म्हणजे विणकर बाईच्या घराची पुढची खोली. भाव १,४०,००० आरियारी. घासाघीस केली नाही, कारण आधी मागचं अंगण पाहिलं होतं. कोषात अळीचे केस काट्यांसारखे रुतलेले असतात, हाताला लागले की खाज सुटते. कोष फाडायचा, आतला प्युपा काढायचा (तो खातात, वाया जात नाही), कोष उलटा करून साफ करायचा आणि साबणाच्या पाण्यात उकळायचा. फाडलेल्या कोषातून सलग तार कुठली निघणार? मग कापसासारखं हाताने कातायचं. त्यामुळे सूत कुठे जाड, कुठे बारीक. माझ्या शालीत काठापासून वीतभर आत करंगळीच्या नखाएवढी गाठ आहे. मला ती आवडते. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारलाय तुझ्या."

रंग धुरकट तपकिरी, मुळातलाच. टसर वापरणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. पठारावर जुलैत रात्री चांगलीच थंडी असते, तिथे खांद्यावर ही एवढी पुरली. गळ्याभोवती गुंडाळली की मात्र थोड्याच वेळात टोचायला लागते. थंड पाण्यात हाताने धुतल्यावर जरा मऊ पडली. ओली असताना वास येतो, वाळली की जातो.

कोपऱ्यात जाड, रुंद कापडाच्या घड्या वेगळ्या ठेवल्या होत्या. हात लावायला गेले तर वाटाड्या म्हणाला, ते पूर्वजांसाठी आहे. फामादिहाना म्हणजे तिथल्या हिवाळ्यातला विधी; त्यात थडग्यातून पूर्वजांचे अवशेष बाहेर काढून नव्या कापडात गुंडाळतात आणि परत ठेवतात. विणकर बाईची खरी गिऱ्हाइकं तीच. आमच्यासारख्यांच्या शाली मधल्या वेळात होतात. तिने त्यातलं एक कापड उलगडून दाखवलं. वीण माझ्या शालीपेक्षा कितीतरी घट्ट! तसली शाल विकायला असती तर दुप्पट पैसे दिले असते.

घेताना शालीच्या टोकाच्या दशा नीट बघा. तिथे तुतीच्या रेशमाच्या शालीही मिळतात, त्याला लांदिकेली म्हणतात. तो किडा बाहेरून आणलेला. दोन्हींची मिसळही असते. दशांमध्ये ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोकळे असतात: गुळगुळीत, चमकदार दिसले तर ताणा तुतीचा. मिसळीची शाल वाईट नसते, उलट गळ्याला कमी टोचेल, पण तिला निव्वळ लांदिबेचा भाव देऊ नका. आणि रोख पैसे अंत्सिराबेतूनच काढून न्या, या घरात कार्ड चालत नाही.