बाळाच्या नावांचं अ‍ॅप: शोधायला मस्त, अर्थ मात्र तपासूनच घ्या

बहिणीला बाळ होणारे, घरात सगळेच नावं शोधतायत, त्यामुळे हे अ‍ॅप सध्या रोज उघडलं जातं. शोधायला एकदम सोपं आहे, अक्षर टाका, मुलगा की मुलगी ते निवडा, भाषा निवडा की झालं, आवडलेल्या नावापुढच्या बदामावर टॅप केलं की ते वेगळ्या यादीत जातं आणि ती यादी घरच्यांना पाठवता येते. जाहिराती आहेत पण फार डोकं खात नाहीत.

मला सगळ्यात आवडलं ते सारख्या अर्थाच्या नावांचं पान. देवदत्त उघडलं की खाली थिओडोर, डोरोथी, खुदादाद दिसतात, सगळ्यांचा अर्थ देवाने दिलेला किंवा देवाची देणगी, त्यात थिओडोर आणि डोरोथीमध्ये तर ग्रीकमधले तेच दोन शब्द आहेत, थिऑस म्हणजे देव आणि डोरॉन म्हणजे देणगी, फक्त मागचं पुढे केलंय! जॉन, इव्हान, शॉन, हुआन हे सगळे हिब्रूतल्या योहानानचेच, असं बघत बसलं की वेळ कसा जातो कळत नाही.

पण नवीन फॅशनच्या नावांना अर्थ अक्षरशः ठोकून दिलेत. रेयांश म्हणे सूर्याचा पहिला किरण, मूळ संस्कृत. अहो, त्यात शेवटी अंश आहे, अंश म्हणजे भाग, किरणाला अंशु म्हणतात, आणि पुढचं 'रेय' कुठून आलं त्याची फोडच दिलेली नाही. मायरापण संस्कृत म्हणून टाकलंय, खरं तर ते फल्क ग्रेव्हिल (१५५४-१६२८) या इंग्रज कवीच्या कवितांमधून रुजलेलं नाव. कियाराचंही तसंच, इटालियन कियारा लॅटिन क्लारावरून आलंय म्हणजे स्वच्छ, तेजस्वी, आणि आयरिशमध्ये जवळपास तसंच लिहिलं जाणारं नाव आहे त्याचा अर्थ काळसर, म्हणजे अगदी उलटा, आणि इथे दोन्ही सोडून तिसरंच काहीतरी, 'देवाची देणगी'. अनाया बघितलं तर नुसतं 'कृपा' लिहिलंय. अरबी इनाया म्हणजे काळजी, आस्था, तिथून घेतलं तर नाव छानच आहे, पण संस्कृतात अनय म्हणजे वाईट वर्तन, अनीती, हे आईवडिलांना आधी कळायला नको का? मूल ते नाव जन्मभर लावणार आहे.

हीच वाक्यं जशीच्या तशी दुसऱ्या अ‍ॅप्समध्येपण सापडतात, त्यामुळे दोन ठिकाणी सारखाच अर्थ दिसला म्हणून तो बरोबर असं समजू नका. नाव संस्कृत आहे असं लिहिलं असेल तर आपटे किंवा मोनियर-विल्यम्सचा कोश ऑनलाइन आहे, तिथे मूळ शब्द टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

माझ्याकडून ३ स्टार, तेही शोध आणि त्या सारख्या अर्थांच्या पानासाठी. अ‍ॅपवाल्यांना विनंती आहे की प्रत्येक नावाखाली मूळ शब्द आणि त्याची फोड द्या, आणि जिथे अर्थ सापडत नाही तिथे रकाना रिकामा ठेवा, चालेल.