नुसतं पाहायला रूटचा पासवर्ड मागतात, सावध राहा

हिंगणघाटकडच्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत काट्यावरचा कॉम्प्युटर उबुंटूवर, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स सिस्टिमवर चालतो. तालुक्याच्या एका दुकानाकडे त्याची देखभाल होती. त्यांचा माणूस म्हणाला, "कोणता प्रोग्राम काय करून राहिला, हे पाहत राहा लागते. आपलं टूल बसवतो. रूटचा पासवर्ड द्या भाऊ, रूट नाही तं काहीच दिसत नाही." रूट म्हणजे मशीनचा मुख्य युजर, त्याला सगळं करता येतं. वर्षाचे सहा हजार ठरले.

टूल बसलं आणि ऐन कापूस खरेदीत मशीन रखडू लागली. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आत काटापट्टी निघेना. फोन केला की हा यायचा, थोडं खुडबुड करायचा, मशीन पळायची. व्हिजिटचे पैसे वेगळे.

अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा आला होता. त्यानं साध्या लॉगिनवरून 'टॉप' ही चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड चालवली. पासवर्ड मागितलाच नाही. "मामा, हे पाहायला रूट कशाला लागते जी?" सगळ्यात वर तेच टूल, प्रोसेसर खात बसलेलं. काट्याच्या प्रोग्रामसमोर 'एनआय'च्या रकान्यात १९, म्हणजे प्रोसेसर मिळण्यात पार शेवटचा नंबर. दुसऱ्या युजरचा प्रोग्राम असा मागे ढकलायला मात्र रूट लागतं.

लिनक्सच्या आधीच्या जुन्या युनिक्स सिस्टिमवर 'पीएस'ला, म्हणजे प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) यादी दाखवणाऱ्या कमांडला, खरंच जादा अधिकार लागत, कारण ते थेट कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) मेमरी वाचायचं. लिनक्समध्ये ही माहिती 'प्रॉक' या फोल्डरमधून मिळते, आणि बहुतेक कोणालाही वाचता येते. दुसऱ्याच्या प्रोसेसनं डिस्कवर किती लिहिलं, असं काही पाहायचं तर अधिकार लागतो. पण तेवढाच 'सेटकॅप' कमांडनं देता येतो, अख्खं रूट नाही. प्रोसेस 'हाइडपिड' या सेटिंगनं लपवल्या असतील, तर ठरलेल्या ग्रुपमध्ये युजर टाकला की भागतं.

तुमच्याकडे असं टूल असेल तर त्याच्या फाइलवर 'एलएस -एल' ही मालक आणि परवानग्या दाखवणारी कमांड चालवून बघा. मालक रूट आणि मालकाच्या 'एक्स'च्या (चालवायच्या परवानगीच्या) जागी 'एस' दिसला, तर ते कोणीही चालवलं तरी रूट म्हणूनच चालतं. 'सुडो', 'पासडब्ल्यूडी' या सिस्टिमच्याच कमांडना तो 'एस' असतोच, ते पाहून घाबरू नका.

आम्ही टूल काढलं, पासवर्ड बदलला. मग भाच्यानं रूटच्या 'एसएसएच' (दुरून लॉगिन करायची सोय) फोल्डरमधली 'ऑथोराइज्ड कीज' फाइल उघडली, तर तिथे त्या माणसाची किल्ली, म्हणजे पासवर्डशिवाय लॉगिन करू देणारी डिजिटल खूण. पासवर्ड कितीही बदलला असता तरी तो घरबसल्या आत आला असता. दुकानदार म्हणतो, "सेटिंग चुकली असेल." व्हिजिटच्या सगळ्या पावत्या जोडून वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.