आल्डीची क्वार्टरवाली कार्ट

शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या आम्हा मराठी घरांचा किराणा सहसा दोन दुकानांतून येतो. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता, मसाले यांसाठी भारतीय दुकान आणि दूध, अंडी, कांदे-बटाटे, फळे, तसेच घरी तूप कढवण्यासाठी लागणारे बिनमिठाचे बटर यांसाठी आल्डी. आल्डीचे भाव आणि मालाचा दर्जा यांवर पुष्कळांनी लिहिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. हा अभिप्राय तिथल्या एकाच व्यवस्थेविषयी आहे, ती म्हणजे कार्ट, अर्थात सामानाची ढकलगाडी, नेण्याची आणि जागेवर परत ठेवण्याची. माझ्या मते या दुकानात सर्वांत जास्त विचार याच गोष्टीवर झालेला आहे.

दाराशेजारी कार्ट एकमेकींत सरकवून रांगेने उभ्या असतात. प्रत्येकीच्या दांड्यावर एक छोटी पेटी असते आणि पुढच्या कार्टला लटकणाऱ्या आखूड साखळीच्या टोकाची चपटी किल्ली त्या पेटीत अडकलेली असते. पेटीच्या खाचेत २५ सेंटचे नाणे, म्हणजे क्वार्टर, सरकवले की किल्ली निघते आणि कार्ट मोकळी होते. परत आल्यावर कार्ट रांगेत लावून पुढच्या कार्टची किल्ली आपल्या पेटीत दाबली की नाणे बाहेर येते. यात वीज लागत नाही आणि फोनही लागत नाही. कडाक्याच्या थंडीत हातमोजा काढल्याशिवाय नाणे चिमटीत येत नाही, एवढाच काय तो त्रास. सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत अशी चाकांची गाडी पहिल्यांदा ग्राहकांना दिली, तेव्हा ती वापरून झाल्यावर घडी करून ठेवावी लागत असे. १९४६ मध्ये ऑर्ला वॉटसन यांनी मागची जाळी बिजागरीवर बसवली आणि कार्ट एकमेकींत शिरू लागल्या. आजची ही साखळी-किल्लीची रचना त्या सुधारणेवरच उभी आहे.

आल्डी हे मूळचे जर्मनीतल्या एसेन शहरातल्या आल्ब्रेख्त कुटुंबाचे दुकान. कार्ल आणि थिओ या भावांनी आईच्या छोट्या दुकानाचा विस्तार केला आणि अमेरिकेतली त्यांची पहिली शाखा १९७६ मध्ये आयोवा राज्यात उघडली. अनावश्यक खर्च न करण्याची त्यांची शिस्त दुकानात पाऊल टाकताच दिसते. माल बहुतेक खोक्यांसकट मांडलेला असतो, पिशव्या आपल्या आपण न्यायच्या असतात आणि गल्ल्यावरची व्यक्तीच थोड्या वेळाने फळ्या भरताना किंवा फरशी पुसताना दिसते. पार्किंग लॉटभर फिरून कार्ट गोळा करायला वेगळा माणूस ठेवलेला नसतो. ते काम ग्राहकांनी आपसांत वाटून घेतले आहे आणि त्याचा फायदा दुधाच्या भावात आपल्यालाच मिळतो, हे एकदा लक्षात आले की त्या नाण्याचा राग येत नाही. कापडी पिशव्या घेऊन बाजारात जाण्याची सवय आपल्याला घरूनच असते, त्यामुळे आपल्या लोकांना हे दुकान लवकर अंगवळणी पडते.

गल्ल्यावरची पद्धतही बघण्यासारखी आहे. तिथे एक रिकामी कार्ट आधीच उभी असते. आपला माल स्कॅन होऊन त्या कार्टमध्ये जातो, आपण ती घेऊन पुढे निघतो आणि आपली रिकामी झालेली कार्ट मागच्या ग्राहकासाठी तिथेच राहते. प्रत्येक कार्टमध्ये कोणाचा तरी क्वार्टर असल्यामुळे कोणाचेच नुकसान होत नाही. पिशव्या भरण्याचे काम गल्ल्यावर न करता भिंतीलगतच्या लांब ओट्यावर करावे, हा इथला अलिखित नियम आहे. नवख्या माणसाने तो लवकर शिकून घ्यावा, कारण एक जण गल्ल्यावर पिशव्या लावत बसला की मागची सगळी रांग थांबते.

या व्यवस्थेचे मोल कळण्यासाठी नाणे न लागणाऱ्या एखाद्या मोठ्या दुकानाचा पार्किंग लॉट शनिवारी संध्याकाळी पाहावा. कार्ट ठेवायचे कठडे जागोजागी असतात, तरीही लोक कार्टची पुढची चाके फुटपाथच्या कडेवर चढवून, नाहीतर दोन गाड्यांच्या मध्ये सोडून निघून जातात. वारा सुटला की त्या घरंगळत गाड्यांवर आदळतात आणि बर्फ पडले की बर्फ काढणाऱ्या ट्रकच्या वाटेत येतात. सर्वांत वाईट म्हणजे दिव्यांगांच्या जागेशेजारच्या तिरप्या रेघांच्या पट्ट्यात सोडलेली कार्ट. तो पट्टा रिकामा दिसतो म्हणून लोक तिथे कार्ट लावतात, पण व्हॅनच्या दारातून व्हीलचेअर उतरवण्यासाठीच तो राखलेला असतो आणि कायद्याने त्याची रुंदी किमान ५ फूट असावी लागते. एका दुकानाबाहेर अशाच पट्ट्यात दोन कार्ट अडकवलेल्या होत्या आणि व्हॅनमधले गृहस्थ दार उघडून, रॅम्प न सोडता, कोणीतरी येण्याची वाट पाहत बसले होते. कार्ट बाजूला करायला अर्धा मिनिटही लागला नाही, पण तो अर्धा मिनिट त्यांच्या हातात नव्हता. आल्डीच्या लॉटमध्ये असे दृश्य माझ्या पाहण्यात आलेले नाही.

२५ सेंटसाठी एवढे कोण चालेल, असा प्रश्न पडू शकतो. लोक चालतात, आणि ते केवळ पैशासाठी नव्हे, असे मला वाटते. नाणे हातात पडेपर्यंत काम अर्धवट राहिल्याची जाणीव होत राहते आणि त्या जाणिवेनेच माणूस दारापर्यंत जातो. याची खूण म्हणजे तिथे रुजलेली कार्ट देण्या-घेण्याची रीत. आत जाणारा ग्राहक सामान उतरवणाऱ्याला विचारतो, "तुमची कार्ट नेऊ का?" आणि हातावर क्वार्टर ठेवतो. पुष्कळदा तो घेतलाच जात नाही. मागच्या हिवाळ्यात एका आजींची कार्ट मी मागितली, तेव्हा नाणे पुढे केलेला माझा हात त्यांनी हलकेच मिटवला आणि म्हणाल्या, "राहू दे, पुढच्याला दे." मात्र विचारल्याशिवाय कार्टला हात लावू नये आणि समोरचा सामान उतरवत असताना घाई करू नये, एवढे पथ्य पाळावे.

तान्ही मुले बरोबर असतील, तर दारापासून गाडी लांब लावू नये. आधी सामान गाडीत ठेवावे, बाळाला कार्टच्या बैठकीतच बसवून कार्ट परत करावी आणि मग बाळाला कडेवर घेऊन यावे, म्हणजे ते गाडीत एकटे राहत नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी बँकेतून ४० क्वार्टरची १० डॉलरची गुंडाळी आणून ठेवावी. ती अपार्टमेंटमधल्या कपडे धुण्याच्या यंत्रालाही उपयोगी पडते.

या व्यवस्थेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण राखून ठेवण्याचे कारण असे की कार्टची जागा बहुधा दारापाशी एकच असते. गुडघे दुखणाऱ्या, काठी घेऊन चालणाऱ्या किंवा दोन लहान मुले सांभाळणाऱ्या ग्राहकाला गाडीपासून दारापर्यंतची ती जास्तीची फेरी, विशेषतः बर्फात, जड जाते. दिव्यांगांच्या जागांजवळ अशाच साखळीची एक छोटी रांग ठेवली, तर वेगळा माणूस नेमावा लागणार नाही आणि नाणे तिथेही तसेच परत मिळेल.